कोकणाला विद्यापीठ हवं, त्याआधी असं एक कॉलेज

बारावीनंतर आर्ट्सला जातो म्हटलं की आमच्या राजापूर-लांज्याकडे आजही विचारतात, "पुढे काय करणार?" नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांची पदवी आणि विषय मिसळून शिकण्याची मुभा आल्यापासून गावच्या फोनवर दोन मतं ऐकतो. कोणी म्हणतं, असलं शिक्षण म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले. कोणी म्हणतं, मुंबई विद्यापीठातून सुटून वेगळं कोकण विद्यापीठ झालं की सगळं मार्गी लागेल. मला दोन्ही पटत नाही.

मी अमेरिकेतल्या केंटकी राज्यात राहतो. इथे लेक्सिंग्टनच्या दक्षिणेला, डोंगर सुरू होतात तिथे बेरिया नावाचं गाव आहे. गुलामगिरीविरुद्ध उभे राहिलेले जॉन फी यांनी १८५५ साली तिथे शाळा काढली, तिचंच पुढे विषय मिसळून शिकवणारं कॉलेज झालं. यादवी युद्धानंतर १८६६ साली तिथे ९६ काळे आणि ९१ गोरे विद्यार्थी एकत्र शिकत होते. १९०४ मध्ये राज्याने कायदा करून हे एकत्र शिकणं बंद पाडलं. कॉलेज सर्वोच्च न्यायालयात गेलं, १९०८ मध्ये हरलं, आणि १९५० साली कायदा बदलल्यावर दारं पुन्हा उघडली.

१८९२ पासून तिथे शिकवण्याची फी घेत नाहीत. विद्यार्थी बहुतेक ॲपलाचियाच्या गरीब डोंगरी घरांतले. त्या भागातूनही आपल्यासारखीच तरुण माणसं पोटासाठी बाहेर पडत आली. साहित्य शिका की रसायनशास्त्र, आठवड्याला किमान दहा तास काम प्रत्येकाला करावंच लागतं: झाडू बांधणं, हातमाग, शेती, ग्रंथालय, नाहीतर कॉलेजचंच बून टॅव्हर्न हॉटेल.

'कमवा आणि शिका' आपल्याला नवं नाही, भाऊराव पाटलांनी ते महाराष्ट्रात रुजवलं. पण आज अनेक ठिकाणी ती गरजू मुलांची योजना होऊन बसली आहे. बाग झाडणारा मुलगा कोण, हे सगळ्या वर्गाला कळतं. कुठलं काम कोणी करायचं हे जिथे जातीने ठरवलं, तिथे ही गोष्ट फार खोल लागते. बेरियात सगळेच काम करतात, म्हणून कोणी वेगळा दिसत नाही. मला त्या कॉलेजातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं.

अमेरिकेचे गोडवे गायचे नाहीत. विषय मिसळून शिकवणाऱ्या इथल्या बाकीच्या कॉलेजांची फी भरताना मध्यमवर्गीय घरं कर्जात जातात. बेरियाला हे जमतं ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या देणग्यांतून साठलेल्या, एक अब्ज डॉलरपेक्षा मोठ्या निधीवर. तेवढा पैसा रत्नागिरीत कुठून येणार, हा आक्षेप रास्त आहे. पण मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं तेव्हा तरी पैसा कुठे होता? उद्योगपती विठ्ठलदास ठाकरसींचे पंधरा लाख रुपये पुढे १९२० मध्ये आले. आणि आमचे चाकरमानी देवळाच्या जीर्णोद्धाराला हात आखडता घेत नाहीत, हे मी लहानपणापासून पाहत आलो.

नवी इमारत नको. रत्नागिरी, चिपळूण, सावंतवाडीत जुनी कॉलेजं आहेत. त्यांतल्या एकाने एका तुकडीपुरती फी बंद करावी आणि प्राध्यापकाच्या मुलापासून खलाशाच्या मुलीपर्यंत सगळ्यांना काम वाटून द्यावं: कलमांची रोपवाटिका, ग्रंथालय, खानावळ. त्या तुकडीच्या खर्चासाठी परदेशातल्या आम्हा कोकणवाल्यांकडे हक्काने वर्गणी मागा.