ईआरसीचा चुकीचा दावा मागे घेण्याविषयी

न्यू जर्सीतल्या छोट्या दुकानांचे आणि उपाहारगृहांचे हिशेब मी अनेक वर्षे पाहतो. या कामात मला सर्वाधिक अस्वस्थ केले ते ‘एम्प्लॉयी रिटेन्शन क्रेडिट’ (ईआरसी) या करसवलतीच्या चुकीच्या दाव्यांनी. मार्च २०२० च्या ‘केअर्स’ या अमेरिकी करोना-मदत कायद्यातून आलेली ही सवलत मुळात चांगली होती. करोनात धंदा बसूनही ज्या मालकाने कामगारांचा पगार चालू ठेवला, त्याला त्यातला काही भाग पेरोल टॅक्समधून, म्हणजे पगारावर भराव्या लागणाऱ्या करातून, परत मिळावा, हा तिचा हेतू होता. २०२० साठी कामगारामागे ५,००० डॉलरपर्यंत आणि २०२१ च्या पहिल्या तीन तिमाह्यांसाठी मिळून २१,००० डॉलरपर्यंत रक्कम मिळू शकत होती.

त्यासाठी सरकारी आदेशामुळे धंदा पूर्णतः वा अंशतः बंद ठेवावा लागलेला असणे, किंवा उलाढाल २०१९ च्या त्याच तिमाहीच्या तुलनेत २०२० मध्ये निम्म्याहून आणि २०२१ मध्ये ८० टक्क्यांहून खाली आलेली असणे आवश्यक होते. माल उशिरा येत होता, एवढे कारण पुरेसे नव्हते. टक्केवारीवर काम करणाऱ्या सल्लागारांनी मात्र तेच कारण घरोघर विकले. माझ्याकडे आलेल्या एका दुकानदाराची विक्री २०२१ मध्ये वाढली होती, तरी त्याच्या नावे तिन्ही तिमाह्यांचा दावा केलेला होता आणि त्यात त्याच्या सख्ख्या भावाचा पगारही धरला होता, जो बहुसंख्य मालकी असलेल्याचा नातेवाईक म्हणून चालत नाही. “दादा, तो म्हणाला सगळ्यांनाच मिळतं,” एवढेच त्याला सांगता आले.

सल्लागाराचा दोष मोठा आहे. पण ज्या दुरुस्ती-विवरणपत्रातून हा दावा केला जाई, त्या ९४१-एक्स फॉर्मवर सही मालकाची असते, म्हणून दुरुस्तीही त्यानेच करावी, असे माझे ठाम मत आहे. पैसे हाती आलेले नसतील, तर ऑक्टोबर २०२३ पासून आयआरएसने (अमेरिकेच्या कर खात्याने) दिलेली वाट सोपी आहे: त्या फॉर्मच्या प्रतीवर डाव्या समासात ‘विथड्रॉन’ लिहायचे, उजवीकडे सही आणि तारीख घालून ती फॅक्स करायची. असा दावा कधी केलाच नव्हता असे धरले जाते. दंड नाही, व्याज नाही. आम्ही तेच केले. ज्यांना पैसे मिळाले होते, त्यांना मार्च २०२४ पर्यंत ८० टक्केच परत करून सुटता येत होते, कारण उरलेले कमिशनमध्ये गेले असणार हे आयआरएसने मान्य केले होते. ही सूट मला न्याय्य वाटते. पुढच्या खेपेस ती केवळ २०२१ च्या दाव्यांसाठी उरली आणि ८५ टक्के परत करावे लागले.

खरे दुःख वेगळेच आहे. चुकीच्या दाव्यांचा ढीग साचला म्हणून १४ सप्टेंबर २०२३ ला नव्या दाव्यांची छाननी थांबवली गेली आणि खरे हक्कदारही रांगेत अडकले. त्यानंतर जुलै २०२५ च्या कायद्याने, २०२१ च्या तिसऱ्या व चौथ्या तिमाहीचे जे दावे ३१ जानेवारी २०२४ नंतर दाखल झाले, त्यांचा न दिलेला परतावा सरसकट नाकारला. त्या तारखेनंतर सर्व कागदपत्रांसह प्रामाणिकपणे अर्ज केलेल्या एका उपाहारगृहाच्या मालकिणीला हे मला फोनवर सांगावे लागले.