आतड्याचा मळ, मीठपाणी आणि आत्याच्या गोळ्या

गेल्या आठवड्यात माझी 68 वर्षांची आत्या सलग दोन दिवस पहाटे लिटरभर मीठपाणी प्यायली आणि रक्तदाबाच्या गोळ्या तिने डब्यातच ठेवल्या, कारण नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आलेल्या संदेशात तसे सांगितले होते. तिसऱ्या दिवशी ओट्याशी उभी असताना तिला चक्कर आली, तेव्हा कुठे हा प्रकार आम्हाला समजला. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: आतड्याचे अस्तर त्वचेसारखेच असते, त्यावर वर्षानुवर्षांचा 5 ते 10 किलो मळ चिकटतो, त्यामुळे अन्न अंगी लागत नाही, एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे मीठ घालून सात दिवस घेतल्यास आतडी, फुफ्फुसे आणि मूत्राशय धुऊन निघतात, आणि या काळात सर्व औषधे बंद ठेवावीत.

आधी अस्तराचे पाहू, कारण बाकीचा सगळा डोलारा त्याच विधानावर उभा आहे. त्वचा आणि आतड्याचे अस्तर ही दोन्ही अभिस्तर ऊतींची, म्हणजे शरीराचे पृष्ठभाग झाकणाऱ्या पेशीसमूहांची, रूपे आहेत, एवढे खरे. पण नववीच्या विज्ञानात या ऊतींचे प्रकार वेगवेगळे शिकवतात ते उगाच नाही. त्वचेवरचा अभिस्तर स्तरित पट्टकी असतो, म्हणजे चपट्या पेशींचे थरावर थर, आणि सर्वांत वरचे थर मृत, केराटिन या चिवट प्रथिनाने भरलेले; म्हणून ती घासलेली सोसते. आतड्यात मात्र उभट पेशींचा एकच थर असतो, स्तंभीय अभिस्तराचा, आणि त्या पेशीची उंची मिलिमीटरच्या चाळीसाव्या-पन्नासाव्या भागाइतकी. या पेशींच्या मधूनमधून चषक पेशी असतात. त्या सतत बुळबुळीत श्लेष्मा सोडतात, त्यामुळे मळ पुढे सरकत राहतो.

शिवाय हा थर टिकतोच किती? मॉन्ट्रियलच्या लेब्लाँ आणि स्टीव्हन्स या संशोधकांनी 1948 मध्ये पांढऱ्या उंदरांवर दाखवून दिले, की लहान आतड्याचे अस्तर दोन दिवसांच्या आत संपूर्ण नवे होते. माणसात त्याला साधारण 3 ते 5 दिवस लागतात: अस्तरातल्या खोलगट ग्रंथींच्या तळाशी नव्या पेशी जन्मतात, वर सरकतात आणि गळून शौचावाटे निघून जातात. ज्या भिंतीचा पृष्ठभागच आठवड्याच्या आत बदलतो, तिच्यावर वीस वर्षांचा मळ कशाला धरून बसेल?

10 किलोचा दावाही तितकाच पोकळ आहे. मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करण्यापूर्वी एका रात्रीत पोट साफ करतात, आणि डॉक्टरांना दिसते ती गुलाबी, चकचकीत, ओलसर भिंत. संदेशासोबतच्या छायाचित्रांत रबरासारखे जे काळपट पट्टे दिसतात, तसे पट्टे इसबगोल आणि बेंटोनाइट माती घालून विकल्या जाणाऱ्या ‘शुद्धी’च्या चूर्णांतूनच तयार होतात. पेल्यात चमचाभर इसबगोल भिजवून दहा मिनिटांनी ढवळून पाहा; चमच्याला लोंबणारा तो चिकट गोळा पोटातून माती आणि मळ घेऊन बाहेर आला, की अगदी छायाचित्रातल्यासारखा दिसेल.

अन्न अंगी न लागण्याचे कारण मोठ्या आतड्यातल्या मळात शोधणेही व्यर्थ आहे, कारण अन्नरस शोषला जातो तो मुख्यतः त्याआधीच्या लहान आतड्यात. फुफ्फुसांबद्दल आणि मूत्राशयाबद्दल फार लिहीत नाही. श्वासनलिकेतला रोमक अभिस्तर आपल्या रोमकांनी, म्हणजे केसांसारख्या सूक्ष्म तंतूंनी, कफ घशाकडे ढकलत असतो, आणि मूत्राशयाचा ताणला जाणारा अभिस्तर मूत्र आतल्या आत झिरपू देत नाही. प्यायलेले मीठपाणी यांपैकी एकालाही ‘धुवायला’ पोहोचत नाही.

बद्धकोष्ठ खरे असते, हे मान्य करावे लागते. वृद्धांमध्ये मळाचा खडा अडकूनही बसतो, इसबगोलाने अनेकांना आराम पडतो आणि मीठपाण्याने जुलाब होतात हेही खरे. हठयोगात शंखप्रक्षालन, म्हणजे मीठपाणी पिऊन पोट साफ करण्याची क्रिया, आहेच, परंतु जाणते शिक्षक रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना ते करू देत नाहीत.

संदेशातले सर्वांत घातक वाक्य शेवटचे आहे आणि माझा संताप त्याच्यावरच आहे. दोन लहान चमचे मीठ म्हणजे 10 ते 12 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. प्यायलेल्या मिठातले काही जुलाबावाटे निघून जाते, काही रक्तात शोषले जाते, आणि किती शोषले गेले हे घरी कोणालाच कळत नाही. जुलाबांनी शरीरातले पाणी व क्षार घटतात ते वेगळेच. अशा अवस्थेत रक्तदाबाच्या रुग्णाला गोळ्या थांबवायला सांगणे म्हणजे पक्षाघाताला दार उघडून देणे. कोणाला काही काळ गोळी थांबवायची असेलही, पण ते त्या रुग्णाचा रक्तदाब मोजणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचे.

आत्याचा रक्तदाब त्या दिवशी 176/102 भरला. डॉक्टरांनी मीठपाणी थांबवले, गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि बद्धकोष्ठासाठी रात्री इसबगोल दिले, भरपूर पाण्यासोबत. शौचात रक्त दिसले, वजन आपोआप घटले किंवा शौचाची सवय अचानक बदलली, तर लगेच यायला सांगितले आहे. हे सगळे मी त्याच गटावर टाकले आहे, मूळ संदेशाच्या खालोखाल.