लोणी चोरणाऱ्या चेटकिणी आणि मावशीचा फॉरवर्ड

मावशीने काल घरच्या ग्रुपवर टाकलं: 'आयर्लंडमध्ये लोणी आलं नाही म्हणून हजारो बायकांना चेटकीण ठरवून जिवंत जाळलं. मेलेल्या माणसाच्या हाताने दूध ढवळायचे. आपल्या संस्कृतीत असलं कधीच नव्हतं!' खाली सगळ्यांचे हात जोडलेले. म्हणून लिहिते आहे.

हजारो कुठून आणल्या? आयर्लंडात चेटकाचे खटलेच मोजके झाले. 1324 साली किल्केनीत पेट्रोनिला नावाच्या दासीला जाळलं, पण ते मालकिणीवरच्या खटल्यात. लोण्याचा संबंध नाही. 1711 मध्ये आयलंडमॅगीच्या आठ बायका दोषी ठरल्या, तेही एका मुलीला झपाटल्याबद्दल. शिक्षा काय, तर वर्षभर तुरुंग आणि चारदा चारचौघांत खोड्यात उभं करणं. वाईटच, पण जाळलं नाही.

लोण्याचं काय व्हायचं ते वाचायचंय? 1937 ते 1939 या काळात तिथल्या शाळकरी मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं वह्यांत उतरवलं. तो संग्रह आज इंटरनेटवर फुकट आहे. त्यात 1 मेच्या पहाटे शेजाऱ्याच्या कुरणावरचं दव फडक्याने टिपून त्याचं लोणी ओढून नेणारी बाई भेटते. सशाच्या रूपात गाईला पिणारी म्हातारी भेटते. सशाला गोळी लागते आणि म्हातारी घरात लंगडताना सापडते. घुसळण चालू असताना कुणी आलं तर त्याने दांड्याला हात लावून चार हात मारायचेच, नाहीतर हाच लोणी घेऊन चालला म्हणून संशय. भाडं लोण्याच्या पैशातून भरायचं, त्यामुळे लोणी गेलं की कुणाकडे तरी बोट जायचंच. ते बहुधा एकट्या राहणाऱ्या शेजारणीकडे जायचं. जाळण्याच्या थापेत नेमकी हीच बाई दिसेनाशी होते.

साय फार गार किंवा फार कोमट असली की लोणी येत नाही, एवढीच बहुतेकदा गोष्ट. थंडीत रवी फिरवताना आपणही कोमट पाण्याचा हबका मारतोच की.

मेलेल्याच्या हाताचं, बरं, सांगितलं जायचं खरं. पण 'अमकीने केलं म्हणे' याच चालीवर.

आणि 'आपल्याकडे नव्हतं'? 1 मेला तिथे घराबाहेर दूध, मीठ, निखारा देत नसत. इकडे तिन्हीसांजेला शेजारीण वाटी घेऊन दारात आली की मावशीच म्हणते, "विरजण ना? उद्या सकाळी ये गं."