बैल आधी कुठला पाय उचलतो? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

सर, नमस्कार.

जालन्यात शिक्षकांसाठी घेतलेल्या ॲनिमेशन कार्यशाळेबद्दल मी लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया आली: पोरांच्या हातचा ब्रश काढून मोबाईल देण्याचा हा उद्योग आहे, आणि ॲपवर माहिती भरून आधीच मेटाकुटीला आलेल्या गुरुजींच्या गळ्यात आणखी एक लोढणं. उभी हयात चित्रकला शिकवलेल्या माणसाचं म्हणणं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लोढण्याचं मान्य. त्यात कुणी ‘व्हिडिओ करून लिंक पाठवा’ म्हणालं तर मीसुद्धा हात जोडीन. आम्ही लिंक मागत नाही.

ब्रशचं मात्र पटत नाही. मोबाईल पोरांच्या हातात जातच नाही. तो दोन बाकांवर आडव्या टाकलेल्या फळीवर असतो, कॅमेरा तेवढा कडेबाहेर, खाली फरशीवर चिकटपट्टीने डकवलेला कागद. फ्लाइट मोड चालू, नाहीतर नेमका मधेच कुणाचा तरी फोन येतो. फोकस आणि उजेड लॉक. खिडक्या बंद, कारण ढग सरकला की चित्र लुकलुकतं. ट्यूबच्या उजेडात काम चालतं. लाईट गेली की चहा.

पोरांच्या हातात कात्री, पुठ्ठा, दोरा. एका सेकंदाला 12 फोटो धरले तर दहा सेकंदांना 120, आणि दर फोटोआधी पुठ्ठ्याचा बैल हाताने कणभर सरकवायचा. फोटो एकामागून एक भराभर दाखवले की बैल चालतो. कार्यशाळेत आमच्या गुरुजींनी पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकदम उचलला. बैल दुडक्या चालीने पळायला लागला! मग सगळे बाहेर गेले, एकाला बैल चालवायला लावला आणि बघत बसले. मागचा डावा, मग पुढचा डावा. मागचा उजवा, मग पुढचा उजवा. निम्मे जण शेतकऱ्यांच्या घरचे, दरसाल पोळ्याला बैल धुणारे, पण हे कुणी नीट पाहिलंच नव्हतं. एलिमेंटरी चित्रकला परीक्षेच्या स्मरणचित्रात तुम्ही मुलांकडून याहून वेगळं काय मागत होतात? तिथे बैल एका जागी उभा असायचा, एवढंच.

आणि हे खूळ चित्रकलेबाहेरून आलेलं नाही. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकलेले. सिनेमासाठी पैसे देणाऱ्या भांडवलदाराची खात्री पटावी म्हणून त्यांनी 1912च्या सुमारास कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ थोडी थोडी टिपली आणि रोप पडद्यावर भराभरा उगवताना दाखवलं. आमच्या शाळांत मूग पुरतो.

एका बाबतीत मी तुमच्याच बाजूचा आहे. ॲपमधली तयार फुलपाखरं, चमचमणारी अक्षरं आणि वर सिनेमाचं गाणं चढवलं की मुलाचं चित्र त्याखाली गाडलं जातं. शिक्षकांना याचीच हौस फार, आणि त्यावरून माझे त्यांच्याशी खटके उडतात.

पुढची कार्यशाळा पोळ्यानंतर आहे. स्मरणचित्राचा तास तुम्ही घ्यावा, अशी विनंती. येताना एलिमेंटरीच्या जुन्या प्रश्नपत्रिका असल्या तर घेऊन या.