राज्यपालांचा हात आणि मुंबईची फायनल

"तुमच्याकडे असं चाललं असतं का रे?" १८ सप्टेंबर २०२२च्या रात्री ठाण्याहून दादाने फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ टाकून मला विचारलं. ड्युरँड कप ही फुटबॉल स्पर्धा जिंकून बेंगळुरूचा कर्णधार सुनील छेत्री चषक घ्यायला उभा आहे आणि बंगालचे तेव्हाचे प्रभारी राज्यपाल फोटोत नीट यावेत म्हणून त्याला हाताने बाजूला सारताहेत.

इंग्लंडला आल्यापासून घरच्या प्रत्येक वादात माझी साक्ष काढतात. खड्डे, लोकलची गर्दी, आता हे. नसतं चाललं, असं मी लिहिलं. मग विचारलं, "दादा, फायनल कुणाकुणात होती?"

दादाला माहीत नव्हतं. ग्रुपवर कुणालाच नव्हतं. बेंगळुरूने २-१ असं ज्यांना हरवलं, ती आपल्या शहराची टीम, मुंबई सिटी होती.

मी मॅच लेस्टरमध्ये घरात बसून मोबाईलवर पाहिली. त्या शनिवार-रविवारी आमच्या शहरात हिंदू-मुस्लीम तरुणांचे जमाव रस्त्यावर उतरले होते आणि पोलिसांच्या गाड्या फिरत होत्या. इथल्या सभ्यतेचे दाखले द्यायचा तो दिवस नव्हताच. अकराव्या मिनिटाला बेंगळुरूच्या शिवशक्तीने गोल केला, तिसाव्याला मुंबईच्या अपुइयाने बरोबरी साधली, आणि एकसष्टाव्याला छेत्रीच्या कॉर्नरवर ॲलन कोस्टाचं हेडर. अडतीस वर्षांच्या छेत्रीकडे मोठ्या चषकांपैकी एवढा एकच नव्हता.

त्याआधी जुलैअखेर इंग्लंडचा सीझनपूर्व चषक, कम्युनिटी शील्ड, चक्क आमच्या गावात झाला. वेम्बली महिलांच्या युरो फायनलसाठी अडकलं होतं. लिव्हरपूलने मँचेस्टर सिटीला ३-१ हरवलं. शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, तर म्हणाला, ही काय ट्रॉफी म्हणायची, मैत्रीपूर्ण सामना तो. २०२१ला लेस्टरने हीच शील्ड जिंकली तेव्हा मात्र ती ट्रॉफी होती, असं त्याचं ठाम मत आहे.

त्याला असं बोलणं परवडतं. पुढे दहा महिने दर आठवड्याला फुटबॉल आहे. आपल्याकडे १८८८ साली सिमल्यात सुरू झालेला ड्युरँड आता सीझनआधी खेळवतात, पण एरवी नौदलाच्या पोरांना मुंबई सिटीसमोर कोण उभं करणार? हरले ४-१, पण खेळले तर. इम्फाळमध्येही सामने झाले. आणि आपण काय केलं? गतविजेत्या एफसी गोवा क्लबने राखीव पोरांचा संघ पाठवला आणि तो पहिल्याच सामन्यात कोलकात्याच्या मोहमेडनकडून ३-१ हरला. त्याच दिवशी, १६ ऑगस्टला सकाळी जागतिक फुटबॉल संघटना फिफाने भारतावर बंदी घातल्याची बातमी आली. भारतीय फुटबॉल फेडरेशनचा कारभार सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या समितीकडे होता आणि फिफाला तो बाहेरचा हस्तक्षेप वाटला. गोकुलम केरळ क्लबच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या, त्या न खेळता परतल्या. बंदी दहा दिवसांनी उठली. तिच्यावर आमच्या ग्रुपवर एक अक्षर नाही. धक्क्याचा व्हिडिओ नव्हता ना.

राज्यपालांचं वागणं ओंगळच होतं, त्यात मला वाद नाही. पण ज्या फायनलमध्ये आपलं शहर खेळत होतं ती न बघता तिच्यातले पंधरा सेकंद बघून संतापायचं, आणि वर मला लंडन-लेस्टरचे दाखले मागायचे, हे मला झेपत नाही. बाबा एकेकाळी मुंबईतल्या कूपरेज मैदानावर फुटबॉल बघायला जायचे. मुंबईच्याच महिंद्रा कंपनीच्या संघाने ड्युरँड तीनदा जिंकला होता, शेवटचा २००८ला. दोन वर्षांत कंपनीने संघ बंद केला, तेव्हाही घरात कुणी हळहळल्याचं मला आठवत नाही. मीही नाही.

पुढच्या फेब्रुवारीत मुंबई सिटीने गोव्यात जाऊन एफसी गोवालाच ५-३ हरवलं आणि लीग शील्ड, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या साखळीत पहिलं येणाऱ्याचा चषक, नक्की केली. मी ग्रुपवर फोटो टाकला. दोन अंगठे आले. एक दादाचा, दुसरा बाबांचा. ते सुप्रभातलाही टाकतात.