टाकी भरली रे!

आमच्या घरी पाण्याची टाकी भरल्याचं कळायचे मार्ग दोन होते. एक म्हणजे न्हाणीच्या स्लॅबवरून खालच्या माडाच्या बुंध्यात धबाधबा पाणी कोसळायचं. दुसरा म्हणजे आये मागच्या पडवीतून ओरडायची, "बंद कर रे ती मोटार, बाव सुकवतंस काय?" हा दुसरा मार्ग पहिल्याच्या मिनिटभर आधी चालायचा. टाकी गळ्याशी आली की पाण्याचा आवाज बारीक होत जातो आणि तांदूळ निवडता निवडता तो आयेला बरोबर कळायचा. यंदा शिमग्यानंतर तिला ऐकू कमी येऊ लागलं. म्हणजे आवाज येतो, पण धबधबा सुरू झाल्यावर. चैत्र संपता संपता विहिरीत कमरेएवढं पाणी उरलं आणि त्या एका माडाची तब्येत मात्र अशी सुधारली की शेजारी विचारू लागले, खत कुठलं घालता म्हणून.

पुतण्या पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. तो फोनवर म्हणाला, "काका, एक ईएसपी-32 घ्या, म्हणजे वायफायवाला छोटा संगणकी बोर्ड, आणि पाण्याची पातळी मोजणारा एक सेन्सर घ्या. टाकी भरली की मोबाइलवर मेसेज येईल. एका रविवारचं काम आहे." तो रविवार एप्रिलमध्ये उजाडला. अजून मावळायचा आहे.

टाकी भरली की ओरडणारा अलार्म बाजारात दोन-तीनशे रुपयांत मिळतो, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. बायकोने तसं सांगितलंही. तिने सांगितल्यावर तो रस्ता का बंद झाला, हे संसारी वाचकांना समजावून सांगायला नको.

पार्सल कणकवलीपर्यंत दोन दिवसांत आलं आणि तिथून आमच्या आचरा गावापर्यंत सहा दिवसांत. उघडलं तर आत आगपेटीहून जराशी लांब अशी काळी पट्टी. दोन्ही कडांना मिळून तीस पाय, मधे चकचकीत पत्र्याचं टोपण आणि टोपणाच्या पुढे एक नागमोडी रेघ. ती अँटेना. आयेने चष्मा वर करून पाहिलं. "ही गोम खंयसून हाडलंस?"

तिला काय सांगणार! शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीने 2016 साली ही चिप आणली. आत 240 मेगाहर्ट्झचे दोन गाभे, वायफाय, ब्लूटूथ, सगळं त्या टोपणाखाली. मी 1996 साली मालवणात ज्या संगणकावर कोर्स केला तो 66 मेगाहर्ट्झचा होता. त्याला स्वतंत्र एसी खोली होती आणि आम्ही चपला बाहेर काढून आत जायचो. या गोमीला मी बनियनवर, ओटीवर बसून हात लावत होतो. मनातून जरा अपराधी वाटलं.

पहिल्या दोन संध्याकाळी केबलीत गेल्या. बोर्ड लॅपटॉपला लावला की त्याचा लाल दिवा लागे, पण लॅपटॉप म्हणे, इथे कोणीच नाही. मी ड्रायव्हर घातला, काढला, परत घातला. तिसऱ्या दिवशी पुतण्या म्हणाला, "काका, केबल बदलून बघा." स्वस्तातल्या चार्जिंगच्या केबलीत म्हणे फक्त विजेच्या दोन तारा असतात, माहितीच्या दोन नसतातच. म्हणजे पाहुण्याला जेवायला वाढलं, पण त्याच्याशी कोणी बोललंच नाही, असला प्रकार.

केबल बदलली तर नवंच. प्रोग्रॅम चढवायला गेलं की पडद्यावर 'कनेक्टिंग' आणि पुढे ठिपके, रेघा, ठिपके, रेघा, आणि शेवटी नकार. त्यावर उपाय असा की ठिपके सुरू होताच बोर्डावरचं 'बूट' लिहिलेलं मोहरीएवढं बटण दाबून धरायचं आणि टक्केवारी दिसली की सोडायचं. एका हाताने माउस, दुसऱ्या हाताच्या नखाने बटण. वासरू एका हाताने धरून दुसऱ्या हाताने धार काढल्यासारखं. ज्या सॉफ्टवेअरमधून हे चाललं होतं त्याचं नाव आर्डुइनो. 2005 साली इटलीतल्या इव्रेआ गावात हा उद्योग सुरू झाला आणि तिथल्या एका बारवरून त्याला नाव मिळालं. आमच्याकडे बारमध्ये ठरलेली गोष्ट सकाळपर्यंत टिकत नाही, तिथे त्यांनी जगभर चालवून दाखवली. मानलं पाहिजे.

अखेर एका रात्री साडेअकराला बोर्डावरचा निळा दिवा मिचकू लागला. एक सेकंद चालू, एक सेकंद बंद, माझ्या हुकमाने. मी घर जागं केलं. आयेने ते दृश्य बराच वेळ पाहिलं.

"ह्येका पाश्शे रुपये? पावसात काजवे फुकट गावतत."

त्या बोर्डाचं आयुष्य पुढे चार दिवसांचंच होतं. सेन्सरला पाच व्होल्ट लागतात आणि बोर्डाच्या पायांना 3.3 व्होल्टच्या वर सोसत नाही. सेन्सरचा परतीचा इशारा पाच व्होल्टने येतो, म्हणून मधे विजेला अडवणारे दोन रेझिस्टर बसवून तो खाली आणावा लागतो. एक हजार ओहमचा आणि दोन हजारांचा. ते मी अगदी मन लावून केलं. आणि मग पाच व्होल्टची तार 3.3 लिहिलेल्या पायाला जोडली. आवाज काही झाला नाही. फक्त करपलेल्या खोबऱ्यासारखा वास आला आणि बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "गॅसवर काय ठेवलंय का?"

दुसरा बोर्ड आला. या खेपेला सगळं जमलं. सेन्सर आपल्याला ऐकू न येणारी शिटी मारतो, ती पाण्यावर आपटून परत येते, आणि लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. आलेल्या उत्तराला दोनने भागायचं, कारण जाणं आणि येणं दोन्ही त्यात धरलेलं असतं. मी भागायला विसरलो. तेव्हा आमच्या टाकीचा तळ न्हाणीचा स्लॅब फोडून खाली चुलीवरच्या हंड्यात गेल्याचं पडद्यावर दिसत होतं.

मग बोर्ड टाकीवर बसवायचा दिवस. खारी हवा, तोंडावर आलेला मृग, म्हणून मी तो स्टीलच्या डब्यात ठेवला, झाकण घट्ट लावलं. वायफाय गायब. एक तर राउटर माजघरात, मधे जांभ्याच्या दीड फुटी भिंती, आणि त्यात मी अँटेनाला स्टीलच्या डब्यात कोंडलेलं. पुतण्या फोनवर इतका हसला की त्याचा रूममेट फोनवर आला. मग श्रीखंडाचा प्लास्टिकचा डबा घेतला. सिग्नल आला. चार दिवसांनी मुंग्याही आल्या. डबा मी धुतला होता, पण मुंग्यांचं आणि माझं धुण्याचं माप वेगळं निघालं. शिवाय आत बोर्डाची ऊब. त्यांनी अंडीसुद्धा आणली होती.

वीज नेली होती घरातून, पंधरा मीटर बारीक तारेने. बोर्ड सुरू व्हायचा, वायफायला हाक मारायचा आणि तिथेच बेशुद्ध. पुन्हा सुरू, पुन्हा हाक, पुन्हा बेशुद्ध. पडद्यावर एकच वाक्य: ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड. वायफाय बोलायला लागलं की क्षणभर वीज जास्त लागते आणि लांब, बारीक तारेतून ती वेळेवर पोचत नाही. शिंपण्याला बारीक पाइप लावला तर शेवटच्या पोफळीपर्यंत पाणी जातं, पण धार पडत नाही, तसंच हे. शेवटी चार्जरच टाकीजवळ नेला. वादळी पावसात लाइट गेली की सगळंच बंद, पण तेव्हा मोटारही बंद असते. त्या बाबतीत आमचं गाव आणि माझं यंत्र यांचं छान जुळतं.

मेसेज पाठवायची जी पद्धत आहे तिला एमक्यूटीटी म्हणतात. 1999 साली ती तेलाच्या पाइपलाइनींवर उपग्रहामार्फत नजर ठेवायला तयार केली गेली. आम्ही तिला एक हजार लिटरच्या काळ्या टाकीवर कामाला लावलं. तिच्यात एक सोय आहे, नाव 'लास्ट विल'. यंत्र जोडलं जातानाच लिहून ठेवतं की मी अचानक गेलो तर माझ्या नावाने अमुक निरोप द्या. चक्क मृत्युपत्र! मी हे जेवताना घरच्यांना सांगितलं आणि जेवण थांबलं. कारण आमच्या सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत. त्यातली नऊ माणसं वारली, तीन मुंबईत आहेत आणि एकाबद्दल कुणालाच काही सांगता येत नाही. आजोबांनी मृत्युपत्र केलं नाही, बाबांनीही नाही. आयेने घास खाली ठेवला.

"म्हणजे ह्येचां मृत्युपत्र आधी आणि काम मगे?"

मी हो म्हणालो. त्यानंतर तिने त्या यंत्राला गोम म्हटलं नाही.

मृगाच्या पावसात सेन्सरच्या पायांना हिरवट बुरा चढला आणि तो टाकी कायम रिकामी सांगू लागला. मग पाणी सोसणारा दुसरा सेन्सर आणला. हा एकडोळ्या. त्याचा दोष असा की साधारण वीतभर अंतराच्या आतलं त्याला दिसत नाही. म्हणजे टाकी रिकामी असताना नजर स्वच्छ, अर्धी असताना स्वच्छ आणि भरत आली की आंधळा. ज्या एका क्षणासाठी त्याला आणला नेमका त्याच क्षणी! अशी माणसं प्रत्येक लग्नघरात दोन-तीन असतात. उपाय म्हणून मी टाकीच्या तोंडावर वीतभर उंचीची लाकडी चौकट केली, झाकण तिच्यावर ठेवलं आणि झाकणाला सेन्सर. आता भरलेलं पाणी त्याला दिसू लागलं. पंधरा दिवस सगळं सुरळीत. मोटार लावायची, पेपर वाचत बसायचं, फोनवर टिंग, मोटार बंद. मी चारचौघांत विषय निघाला नाही तरी काढू लागलो.

मग एका रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी टिंग. 'टाकी भरली, 98 टक्के.'

मोटार बंद. लाइटही नुकतीच आलेली. बाहेर आषाढाचा पाऊस. मी इरलं शोधलं, ते नव्हतं. प्लास्टिकचं पोतं डोक्यावर घेतलं, बॅटरी तोंडात धरली आणि शेवाळलेल्या शिडीने वर गेलो. झाकण उचललं. पाणी निम्म्यावर. आणि भरणीच्या पाइपाचा बाक आत वळतो तिथे, बरोबर सेन्सरच्या खाली, एक बेडूक बसलेला. पाइप एकटा असला तर सेन्सरला दिसत नव्हता. त्यावर बेडूक बसला की टाकी भरत होती. लाकडी चौकटीला आणि टाकीच्या तोंडाला मधे बोटभर फट राहिली होती. त्याने पत्ता बरोबर शोधला होता. बॅटरीच्या उजेडात त्याचा गळा तेवढा हलत होता.

खाली आलो तर आये जागी. मी सांगितलं. "मारू नको रे. बिचारो पाण्याक इलो," ती म्हणाली. मी त्याला केळीत नेऊन सोडला. दुसऱ्या रात्री दोनला टिंग. फट कापडाने बुजवली, तिसऱ्या रात्री टिंग. कापड खाली पडलेलं.

शेवटी पुतण्याने कोडात एक ओळ घालायला सांगितली. एका मिनिटात पाणी चाळीस टक्क्यांहून जास्त चढलं, तर ते पाणी नव्हे. मिनिटाला चारशे लिटर भरणं आमच्या मोटारीच्या बापालाही शक्य नाही. त्या ओळीपुढे मी निरोपही लिहिला: 'बेडूक बसला आहे.' आता मोटार लावली की टाकीचा मेसेज येतो आणि रात्री बेडकाचा. आयेला मोटारीचा आवाज ऐकू येत नाही, पण ही टिंग तिला भिंतीपलीकडून बरोबर ऐकू येते. बायकोने हे दोन-तीनदा बोलून दाखवलं आहे.

परवा मध्यरात्रीनंतर कोणीतरी खांदा हलवला. पाऊस धो धो. घड्याळात अडीच.

"झिला, तुझो फोन वाजलो नाय. आज बेबो इलो नाय की काय? जरा चडान बघ."

मी पोतं शोधायला उठलो.