‘पुण्यात बसून समुद्र शिकवू नका’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रोआ म्हणजे एकाच बाजूला उलांडी असलेली शिडाची होडी. तिची दोन्ही टोकं सारखी, दिशा बदलताना ती वळत नाही, पुढचं टोक मागचं होतं. तिच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “दर वेळी बोट थांबवून उलट पळवायची! असली बोट अरुंद खाडीत काय कामाची? शिवाय महाग, जागा कमी, विकायला गेलं तर गिऱ्हाईक नाही. पुण्यात बसून समुद्र शिकवू नका.”

आधी माझी चूक. उलांडीचं (तोल सांभाळायला बाजूला जोडलेल्या, वाऱ्याकडे राहणाऱ्या तरंगत्या भागाचं) वजन किलोऐवजी पौंडात छापलं गेलं होतं, ते दुरुस्त केलंय. पण ‘पुण्यात बसून’ हा मुद्दा नाही, टोमणा आहे. वीस वर्षं फायबरग्लासच्या होड्या बांधतोय. होडी खडकवासल्यात उतरो की मालवणात, वजनाचा हिशेब तोच राहतो.

आता तुमचं ‘थांबवून’. वारा आडवा घ्यायचा, शिडाची दोरी पूर्ण सोडायची, वेग मरू द्यायचा. या टोकाचं जिब (पुढचं छोटं शीड) गुंडाळायचं, त्या टोकाचं उघडायचं. जे टोक आता मागे येणार तिथलं सुकाणू खाली, जुनं वर, आणि मगच दोरी ओढायची. सराव असलेल्या दोघांना अर्धं मिनिट लागतं. तेवढ्यात बोट वाऱ्याबरोबर थोडी घसरते, हे लेखातही होतं. तुम्ही तिथवर वाचलं नसावं. उलट कॅटमरान (दोन सारख्या होड्या जोडलेली बोट) टॅक घेताना, म्हणजे वाऱ्यातून तोंड फिरवताना, वाऱ्याच्या तोंडावर अडकते आणि मागे सरकायला लागते. अरुंद खाडीत धोका त्याचा जास्त. प्रोआला वाऱ्यातून तोंड फिरवावंच लागत नाही.

चूक होते ती क्रमात. सुकाणू धरायच्या आधी दोरी ओढली, तर बोट वाऱ्याकडे वळते आणि वारा शिडात उलट्या बाजूने शिरतो. उलांडी वाऱ्याआड जाते, डोलकाठीला वाऱ्याकडून धरणारे ताणदोर ढिले पडतात. पलीकडून आधार नसेल तर डोलकाठी जाते. टीका करायचीच तर इथे करायची होती!

खरी देवाणघेवाण वजनाची आहे. ३०० किलोची उलांडी मुख्य होडीपासून ५ मीटरवर असेल, तर उलटण्याविरुद्ध वजन गुणिले अंतर असा १,५०० किलो × मीटर इतका जोर मिळतो. पॅसिफिक पद्धतीत माणसं आणि सामान वाऱ्याआडच्या लांब होडीत, त्यामुळे त्या वजनाचा इथे जवळपास उपयोग नाही. म्हणून प्रोआ बांधणारे रसेल ब्राउन त्याच बाजूला फुगीर कप्पा जोडतात, झोत आला की तो पाण्यावर टेकतो. रॉब डेनी यांनी आखलेल्या हॅरीप्रोआ या प्रकारात राहायची जागाच वाऱ्याकडे आहे. तिथे तेवढ्याच अंतरावर ६०० किलो बसले की आणखी ३,००० मिळतात, पण दोन्ही भाग जोडणाऱ्या आडव्या तुळयांवरचा भारही तसाच वाढतो आणि त्या जाड कराव्या लागतात.

किंमत, जागा, गिऱ्हाईक या तीन गोष्टी बोट विकणाऱ्याला विचारा. माझा लेख त्यावर नव्हता.